काट्यावरचा सरकता आलेख कसा वाचावा?



काटाघराबाहेर पडदा लागल्यापासून गाडीअड्ड्यावर एकच चर्चा आहे : "हे खांब सरकतात कसे, अन् त्यांच्यावर भरवसा किती ठेवायचा?" प्रश्न रास्त आहे. वजनाशी ज्याचा संबंध, ते सभासदाला समजलेच पाहिजे. म्हणून हा खुलासा.

एका मिनिटात काट्यावर जेवढे टन निव्वळ वजन नोंदले गेले, तेवढा उंच एक खांब. अशा आलेखाची रीत जुनीच आहे. विल्यम प्लेफेअर यांनी स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख १७८६ साली छापला होता. फरक इतकाच, की तो कागदावर स्थिर होता, आपला चालता आहे.

पडद्यावर २० खांब मावतात. पण संगणक २१ आकडे जवळ बाळगतो. एकविसावा खांब उजव्या कडेबाहेर, दिसणार नाही असा उभा असतो. मग सगळी रांग हळूहळू डावीकडे सरकते. जुना खांब बाहेर जातो तसतसा नवा आत येतो. मिनिट भरले की सर्वांत जुना आकडा पुसून त्याच जागी नवा लिहायचा. रहाटगाडग्यासारखेच हे, पोहरे तेच, पाणी नवे.

एक खांब ६० ठिपके रुंद धरा. एकदम ६० ठिपके सरकवले तर चित्र हिसका मारते आणि आपण कोणता खांब बघत होतो तेच कळत नाही. म्हणून संगणक सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र नव्याने काढतो. दर वेळी घड्याळ पाहतो : मिनिटाचा किती भाग गेला? अर्धे मिनिट गेले असेल तर ३० ठिपके सरकायचे. किती चित्रे काढली हे मोजून सरकवले, तर संगणक मंदावताच आलेख मागे पडेल. घड्याळावर चालवला की तसे होत नाही.

आता वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, नवा खांब पूर्ण दिसतो तेव्हा त्याचे मिनिट संपून आणखी एक मिनिट झालेले असते. गाडी उतरली अन् खांब दिसला नाही, म्हणून घाबरू नका.

दोन, खांबांची उंची शून्यापासूनच मोजायची आणि बाजूची मोजपट्टी कायम ठेवायची. पट्टी मध्येच बदलली, तर आवक तीच असूनही खांब बुटके दिसतील आणि उगाच गैरसमज होईल.

तीन, शून्य वेगळे आणि खबर नसणे वेगळे. गाडी आली नाही तर शून्य. तार तुटली तर ती जागा तिरप्या रेघांनी भरून दाखवायची. तुटलेल्या तारेला शून्य म्हणणे ही खोटी नोंद होय.

शेवटी, हा पडदा आवक किती ते सांगतो, तुमच्या उसाचा हिशेब नव्हे. तुमचे वजन म्हणजे तुमच्या हातातली काटापावती. ती तिथल्या तिथे वाचून घ्या, शंका असल्यास काट्यावरच विचारा आणि पावती जपून ठेवा, ही विनंती.