‘नीट’ आधी नीट वाचा!

“ताई, हा प्रश्न मला येत होता गं!”

शहागडला मामाच्या ओसरीवर बसून माझी मामेबहीण हे वाक्य त्या दुपारी कितव्यांदा म्हणाली, ते मी मोजलं नाही. समोर तिची ‘नीट’ची प्रश्नपत्रिका होती, मोबाइलवर तिच्या ओएमआरची प्रत आणि उत्तरतालिका. निकाल मनासारखा लागला नव्हता. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मामी मटकी निवडत होती आणि मधूनच आमच्याकडे बघत होती.

शहागड म्हणजे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना गोदावरीचा पूल लागतो, तो इथलाच. पूल ओलांडला की बीड जिल्हा. या भागात डॉक्टर व्हायचं ठरवलेली बरीच पोरं दहावीनंतर लातूरची नाहीतर नांदेडची वाट धरतात. मामाला ते परवडणारं नव्हतं, म्हणून बहिणीनं घरूनच अभ्यास केला. तिला बीडीएस करायचंय आणि तेही एमबीबीएस हुकलं म्हणून नाही. आजीचे मिशरीनं खराब झालेले दात एकेक करून काढताना ती सोबत असायची, तेव्हापासूनचं तिचं हे ठरलंय. संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय हे तिचं पहिलं स्वप्न. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पण बीडीएस असो की एमबीबीएस, दार एकच आहे, नीटचं.

मी मास कॉमला आहे, फिजिक्सशी माझं नातं दहावीतच संपलं. त्यामुळे तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी एवढंच सुचवलं, “चुकलेले प्रश्न दोन रकान्यांत लिही. एकात ‘येत नव्हतं’, दुसऱ्यात ‘वाचलं नाही’.” संध्याकाळपर्यंत दुसऱ्या रकान्यात अकरा प्रश्न जमा झाले. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक वजा होतो. म्हणजे एका प्रश्नामागे पाच गुणांचा फरक. अकरा प्रश्नांचे झाले पंचावन्न. आकडा बघून ती गप्पच बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी विज्ञानात नाही, वाचण्यात कमी पडले.”

परीक्षा विज्ञानाची, पण...

अमेरिकेत डेंटलला जायचं तर ‘डॅट’ म्हणजे डेंटल ॲडमिशन टेस्ट द्यावी लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या या परीक्षेत वाचून समजून घेण्याचा स्वतंत्र विभागच आहे. विज्ञानविषयक तीन उतारे, ५० प्रश्न, ६० मिनिटं. उताऱ्यातला विषय आधी शिकलेला असायची गरज नसते, उत्तर उताऱ्यातच असतं. होणाऱ्या डेंटिस्टला अनोळखी मजकूर वेगानं आणि अचूक वाचता येतो का, हे त्यातून तपासलं जातं.

आपल्या नीटमध्ये असा विभाग नाही. पण २०२५च्या परीक्षेपासूनचं स्वरूप बघा. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९० असे १८० प्रश्न आणि वेळ १८० मिनिटं. आधीची चार वर्षं सेक्शन ‘बी’मध्ये १५ पैकी कोणतेही १० सोडवायची सवलत होती, ती गेली. एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. त्यातच दोन विधानं, चार जोड्या किंवा पाच ओळींचं गणित वाचायचं, समजून घ्यायचं, उत्तर शोधायचं आणि गोल रंगवायचा. वाचनाचा वेगळा पेपर नसला तरी प्रत्येक प्रश्नात वाचनाची परीक्षा आहेच.

एका शब्दाची किंमत

एक शब्द किती महाग पडतो, हे बघायचं तर २०२४ची नीट आठवा. फिजिक्सच्या एका प्रश्नात अणूबद्दल दोन विधानं होती. दुसऱ्या विधानाचा दावा असा होता की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत मजकूर तसाच होता. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ जाऊन ‘बहुतेक’ आलं होतं, कारण युरेनियम-रेडियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै २०२४मध्ये कोर्टानं आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं आणि एकच उत्तर बरोबर ठरलं. चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण कमी झाले, ७२० पैकी ७२० मिळवणाऱ्यांची संख्या १७वर आली.

गावाकडे पुस्तकं एका बॅचकडून दुसरीकडे जातात. बहिणीचीही तशीच आली होती. तेव्हा पहिलं काम, आपलं पुस्तक कोणत्या आवृत्तीचं आहे ते बघा. जुनं असेल तर नव्या आवृत्तीशी ताडून बदललेल्या ओळी पेन्सिलनं दुरुस्त करा.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. सर्व, बहुतेक, फक्त, नेहमी, सामान्यतः, किमान हे शब्द दिसले की थांबा. पुस्तकातल्या प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याला एक प्रश्न विचारा, ‘यातला कोणता एक शब्द बदलला तर हे वाक्य खोटं होईल?’ पेपर काढणारा नेमका तोच शब्द बदलतो. बहिणीनं रोज एका पानावर हा खेळ सुरू केला. आता ती स्वतःच खोटी विधानं तयार करते आणि मला पाठवते. मी बहुतेक वेळा फसते.

मोठ्या शब्दांपेक्षा छोटे शब्द अवघड

झेडपीच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांची अकरावीला वेगळीच गंमत होते. कालपर्यंतची ‘तंतुकणिका’ अचानक मायटोकाँड्रिया होते. आपल्याला वाटतं, असले अवघड शब्दच आडवे येतात. पण ते पाठ होतात, कारण त्यांची भीती असल्यामुळे आपण त्यांच्यावर मेहनत घेतो. बहिणीच्या अकरा प्रश्नांपैकी एकही मोठ्या शब्दामुळे चुकला नव्हता. चुकले ते ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’, ‘व्हेअरॲज’, ‘रिस्पेक्टिव्हली’ अशा शब्दांमुळे. दाराला बिजागरी असते तसे हे शब्द, वाक्य त्यांच्यावर फिरतं. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे ‘अनुक्रमे’, इतकंच. पण ते सुटलं की दोन उत्तरांची अदलाबदल झालीच.

उपाय साधा आहे. शंभर पानी वही घ्या. पुस्तकात आणि जुन्या पेपरांत भेटणारे असे छोटे शब्द त्यात लिहा, समोर मराठी अर्थ आणि ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य. बहिणीची यादी दोन पानांत संपली. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात.

भाषेची निवडही विचार करून करा. २०१६मध्ये नीट फक्त इंग्रजी आणि हिंदीत झाली होती, २०१७पासून ती मराठीतही देता येते. मराठी निवडली तर प्रश्नपत्रिका द्विभाषिक मिळते, म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही. इंग्रजी निवडली तर फक्त इंग्रजी. मात्र भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरला जातो. तेव्हा मराठी निवडणाऱ्यांनीही अडलेला प्रश्न इंग्रजीतून एकदा वाचायची सवय ठेवावी. आणि अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलात, तर मराठी पेपरातल्या पारिभाषिक शब्दांचा सराव फॉर्म भरायच्या आधी करून बघा. परीक्षा हॉलमध्ये ‘सूत्री विभाजन’ म्हणजे मायटोसिस हे आठवत बसायला वेळ नसतो.

आधी काय विचारलंय ते बघा

डॅटची तयारी करणाऱ्यांमध्ये ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात. काही जण पूर्ण उतारा वाचून मग प्रश्नांकडे जातात. काही जण आधी प्रश्न वाचतात आणि उत्तर उताऱ्यात शोधतात. तिसरे प्रत्येक परिच्छेदाच्या विषयाची दोन शब्दांत नोंद करतात, म्हणजे प्रश्न आला की कुठे बघायचं ते कळतं. ज्याला जी जमते ती त्याची. पण या तिन्ही आपल्याही कामाच्या आहेत.

लांबलचक गणितात शेवटची ओळ आधी वाचा. समजा, ताशी ७२ किलोमीटर वेगानं जाणारी एसटी ब्रेक लावल्यावर एकसारखा वेग कमी होत ५ सेकंदांत थांबते, आणि विचारलंय तेवढ्या वेळात कापलेलं अंतर, मीटरमध्ये. शेवटचा शब्द आधी वाचला तर तुम्ही ताशी ७२ किलोमीटरचे सेकंदाला २० मीटर करून घ्याल आणि उत्तर येईल ५० मीटर. घाईत ७२ तसेच ठेवले तर येईल १८०. पेपर काढणाऱ्याला ही घाई माहीत असते, त्यामुळे १८० पर्यायांमध्ये हजर असू शकतो. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, असं नाही.

‘चुकीचं विधान ओळखा’ या प्रकारात तर हुशार मुलंही पडतात. पहिलंच विधान बरोबर दिसतं, हात आनंदानं गोलाकडे जातो. इथे ‘चुकीचं’ या शब्दाभोवती गोल करा आणि प्रत्येक पर्यायापुढे बरोबर किंवा फुली अशी खूण करत जा. एकटी पडलेली फुली म्हणजे उत्तर. जोड्या लावताना वरून खाली जाऊ नका. सगळ्यात खात्रीची जोडी आधी धरा आणि ती नसलेले पर्याय खोडा. बऱ्याचदा दोन जोड्यांतच काम होतं.

मामीची ‘कारण’ टेस्ट

सगळ्यात जास्त घोळ होतो विधान आणि कारण या प्रकारात. उदाहरण दातांचंच घेऊ. विधान: दाताचं इनॅमल हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. कारण: माणसाचे दुधाचे दात पडून कायमचे दात येतात. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दुसरं पहिल्याचं कारण आहे का?

मी सांगितलं, आधी पहिलं वाक्य एकटं तपास, मग दुसरं. दोन्ही खरी असतील तर मध्ये ‘कारण’ घालून मोठ्यानं वाच. बहिणीनं वाचलं, “इनॅमल सगळ्यात कठीण आहे, कारण दुधाचे दात पडतात.” मटकी निवडणारी मामी हसायला लागली. “हे म्हणजे ऊस गोड आहे, कारण ट्रॅक्टर लाल आहे, असं झालं की!”

मामी सातवी शिकलीय. तेव्हापासून बहिणीनं तिला कामालाच लावलंय. रोज एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि ते मराठीत मामीला सांगायचं. मामी एकच प्रश्न विचारते, “म्हणजे नेमकं कशामुळं?” जिथे बहीण अडखळते, तिथे ती ओळ तिला समजलेली नसते, फक्त पाठ असते. हायलायटरनं अख्खं पान पिवळं करण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि जास्त खात्रीचा.

चौकट: मॉक टेस्टनंतर एवढं करा

• चुकलेले प्रश्न दोन रकान्यांत लिहा: ‘येत नव्हतं’ आणि ‘वाचलं नाही’.
• ‘वाचलं नाही’ पुढे कारणही लिहा: नकार सुटला, एकक सुटलं, ‘फक्त’ किंवा ‘सर्व’ सुटलं, जोडी उलटी लागली.
• ‘येत नव्हतं’साठी पुस्तक उघडा. ‘वाचलं नाही’साठी तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा वाचा, सोडवण्याआधी काय विचारलंय ते एका वाक्यात सांगा.
• बायोलॉजी लवकर संपवून फिजिक्सला वेळ ठेवायचा, हे ठीक. पण वेळ वाचवायचा तो उत्तर आठवण्यात, प्रश्न वाचण्यात नाही.

यातलं काहीही विज्ञान न शिकता उपयोगाचं नाही, हे उघड आहे. वाचनाच्या युक्तीनं न आलेला धडा येत नाही. पण जे येतंय, रात्र रात्र जागून जे कमावलंय, ते एका ‘एक्सेप्ट’पायी घालवायचं कशाला? लातूरला जाणं सगळ्यांना परवडत नाही. नीट वाचायला शिकणं मात्र शहागडच्या ओसरीवरही जमतं.

बहिणीची दुसऱ्या प्रयत्नाची तयारी चालू आहे. परवा तिचा फोन आला. नव्या मॉक टेस्टचे गुण मी विचारायच्या आधीच तिनं दुसऱ्या रकान्याचा आकडा सांगितला. “अकरावरून दोनवर आलेय, ताई.” मी अभिनंदन केलं, तर म्हणाली, “थांब ना. दोन म्हणजे अजून दहा गुण आहेत.”