आवाज थांबतो कधी?

पेरणी तोंडावर आलेली असते आणि गावाकडून फोन येतो, "ट्रॅक्टर घरघर करतोय. मिस्त्री म्हणतोय गिअरबॉक्स गेला, उघडावा लागेल." तुम्ही सिंगापुरात. पैसे पाठवण्यापलीकडे तुम्ही काय करणार? खरं तर बरंच करता येतं. पैसे पाठवायच्या आधी दोन-चार नेमके प्रश्न विचारता येतात, आणि त्यासाठी पान्हा हातात धरता यायलाच हवा असं नाही.

आधी हे बघू, की 'उघडणं' एवढं महाग का पडतं. बहुतेक ट्रॅक्टरना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, आणि हीच जोडणी ट्रॅक्टरचा कणा असते. त्यामुळे साधी क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. मजुरी लागते, ऑइल जातं, दिवस मोडतात. आणि वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही. एवढं करून दोष भलतीकडेच निघाला, तर हाच खर्च पुन्हा.

आता ताकदीचा रस्ता डोळ्यासमोर आणा. इंजिनाकडून क्लच, क्लचकडून गिअरबॉक्स, तिथून डिफरन्शियल आणि शेवटी चाकं. गंमत अशी, की या रस्त्यावरचा कुठला भाग फिरत ठेवायचा आणि कुठला थांबवायचा, हे पेडल आणि लिव्हर वापरून चालवणाऱ्याला ठरवता येतं. म्हणजे काहीही न उघडता एकेका भागाला गप्प करून बघता येतं. म्हणून 'आवाज कधी येतो' याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे: आवाज थांबतो कधी?

पहिली तपासणी ट्रॅक्टर उभा ठेवून. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, पीटीओ बंद, आसपास कुणी नाही. इंजिन चालू करून आवाज ऐकायचा आणि मग क्लच दाबायचा. दाबल्यावर आवाज गेला, तर संशय गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टवर आणि तिथल्या बेअरिंगवर; कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट, आधी शांतता आणि दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर पहिला संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. गिअरबॉक्स बिचारा बहुधा निर्दोष. काहीच फरक पडला नाही, तर इंजिनाकडे आणि इंजिनावर थेट चालणाऱ्या पंपांकडे बघा.

दुसरी तपासणी हळू चालवून. एकाच गिअरमध्ये आवाज येतो? मग त्याच गिअरची जोडी बघायची. सगळ्याच गिअरमध्ये येतो आणि चाकांच्या वेगाबरोबर वाढतो? मग दोष मागच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. फक्त वळताना येतो? सरळ जाताना डिफरन्शियलमधली छोटी चाकं स्वतःभोवती जवळजवळ फिरत नाहीत, वळतानाच फिरतात. म्हणून बोट त्यांच्याकडे जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे ओढ. भरलेली ट्रॉली लावली की इंजिन रेस घेतं, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो. हा बहुधा घसरणारा क्लच. पण प्लेट बदलण्याआधी पेडलला थोडी मोकळी चाल आहे का ते बघायचं. ती अजिबात नसेल तर क्लच पूर्ण धरतच नाही. चाल वेळीच जुळवली तर काम पान्ह्यावर भागू शकतं. प्लेट जळाली असेल तर मात्र उघडण्याला पर्याय नाही. याच्या उलट, पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना करकर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. मोकळी चाल फार जास्त झाली की असंही होतं. ओरडतो गिअर, दोष असतो क्लचचा.

शेवटी ऑइल. पातळी किती, रंग कसा? दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. भाताच्या चिखलणीत हे होऊ शकतं. खालच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर लागलेला बारीक काळा लगदा ही नेहमीची झीज, पण धातूचे तुकडे निघाले तर मात्र उघडायलाच हवं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक लिफ्ट एकाच ऑइलवर चालतात. त्यामुळे लिफ्टही मंदावली असेल, तर आधी ऑइल बघा.

'ज्याचा आवाज त्याचाच दोष' असं नसतं, याचं एक मोठं उदाहरण तुम्ही रोज वापरता त्या एमआरटीत घडलंय. २०१६ च्या ऑगस्टच्या शेवटी आणि पुन्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्कल लाइनवर चालकाविना धावणाऱ्या गाड्या मध्येच सिग्नल हरवून आपोआप ब्रेक लावत होत्या. ठरावीक वेळ नाही, ठरावीक जागा नाही, ठरावीक गाडी नाही. गव्हटेकच्या डेटा सायंटिस्टांनी सगळे प्रसंग एका आलेखावर मांडले: एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्टेशनं. तेव्हा दिसलं, की अडखळणाऱ्या गाड्यांचे ठिपके एका रांगेत, त्या गाड्यांच्या उलट दिशेने सरकताहेत. म्हणजे समोरून काहीतरी जात होतं. स्टेशनांवरच्या व्हिडिओंशी वेळा जुळवल्यावर गाडी सापडली: पीव्ही ४६. तिच्या सिग्नल यंत्रणेतला बिघाड शेजारून जाणाऱ्या गाड्यांना अडवत होता. ती स्वतः मात्र बिनबोभाट धावत होती! ६ नोव्हेंबरला तीच गाडी मुद्दाम चालवून खात्री केली गेली, आणि ९५ टक्क्यांहून जास्त प्रसंगांचा उलगडा झाला. अडखळणारी प्रत्येक गाडी उघडून बसले असते, तर हाती काय लागलं असतं?

ही शिस्त गावातल्या चांगल्या मिस्त्रीच्या कानात असतेच, त्याला इथून शिकवायला जाऊ नका. पण हंगामात त्याच्या दारात पाच ट्रॅक्टर उभे असतात, आणि घाईत सगळ्या तपासण्या होतातच असं नाही. तेव्हा घरच्यांना सांगा, पेडल दिसेल आणि आवाज ऐकू येईल असा एक व्हिडिओ काढा. मग मिस्त्रीला फोनवर साधंच विचारा, "दादा, क्लच दाबल्यावर आवाज जातो की राहतो?" उत्तर मिळालं, की उघडायचं का आणि कुठून, हे त्यालाच ठरवू द्या. पैसे त्यानंतर पाठवा.