सूचनापेटी रिकामी का राहते?

कारखान्याच्या दारात सूचनापेटी टांगली की कामगारांचा सहभाग साधला, अशी अनेक व्यवस्थापकांची सोयीस्कर समजूत असते. पेटी रिकामी राहिली म्हणजे दोष कामगारांच्या उदासीनतेवर ढकलला जातो. वस्तुतः दहा जणांचे काम आठ जणांत कसे होईल, हे त्या दहांपैकीच एखाद्याला सर्वांत आधी कळते. मात्र उरलेल्या दोघांचे काय होणार, हे ठाऊक नसताना तो ते बोलून दाखवणार नाही. हा आळस नव्हे, व्यवहारज्ञान होय.

या संदर्भात कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटारकारखान्याचे उदाहरण उद्बोधक आहे. तंटे आणि गैरहजेरी यांसाठी कुप्रसिद्ध असलेला जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत व तिच्याच व्यवस्थापनाखाली तो 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच, संघटनाही जुनीच. बदलली ती रीत. दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा, प्रसंगी जुळणीचे काम थांबवण्याचा अधिकार साध्या कामगारालाही मिळाला. कामाची पद्धत सुधारण्यात कामगारांचे गट भाग घेऊ लागले आणि मोटारींची गुणवत्ता झपाट्याने उंचावली.

या यशाचे मूळ केवळ दोरीत नव्हते. ते करारातही होते. कंपनीचे अस्तित्वच धोक्यात आल्याखेरीज कामगारकपात करायची नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी व्यवस्थापकांच्या वेतनाला कात्री लावायची, अशी हमी कंपनीने दिली होती. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा ती पाळलीही गेली. कोणाला काढले नाही. मोकळ्या झालेल्या हातांना प्रशिक्षण दिले गेले. पुढे जनरल मोटर्सने भागीदारी सोडल्यावर २०१० मध्ये कारखाना बंद झाला, हे खरे. कोणतीही हमी चिरंतन नसते. पण पाव शतक तिने काम केले.

आपल्या राज्यघटनेत व्यवस्थापनातील कामगारसहभागाचे मार्गदर्शक तत्त्व, अनुच्छेद ४३-क, १९७६ मध्ये समाविष्ट झाले. त्यासाठी १९९० मध्ये मांडलेले विधेयक मात्र कायद्यात उतरलेच नाही. तथापि कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोग्या गोष्टी दोन आहेत : सूचनेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही अशी लेखी हमी, आणि होणाऱ्या बचतीत कामगारांचा ठरावीक वाटा. एवढे केल्यावाचून कामगारांकडे कल्पकता मागणे म्हणजे त्यांनी आपल्याच पायांवर धोंडा पाडून घ्यावा, अशी अपेक्षा धरणे होय.