मुक्काम पोस्ट मनरेसा

बार्सिलोनाच्या प्लासा दी एस्पान्या स्थानकावरून आर-५ ही लोकल सुटते तेव्हा तिच्यात पर्यटकांची दाटी असते. तासाभरात मोन्सेरातचे करवतीसारखे सुळके दिसू लागतात आणि डब्यातली गर्दी खाली उतरते. वरच्या मठातल्या काळ्या मारियामातेचं दर्शन, गायकमुलांचं भजन, रॅक रेल्वेतला फोटो. गाडीचा प्रवास मात्र तिथे संपत नाही. उरलेल्या दोन-चार प्रवाशांना आणि कामावरून परतणाऱ्या लोकांना घेऊन ती पुढे मनरेसाला जाते.

पाचशे वर्षांपूर्वी हीच वाट एका माणसाने पायी धरली होती. इनिगो हा लोयोलाच्या वाड्यातला धाकटा मुलगा, पुढे संत इग्नेशियस लोयोला या नावाने आणि येशूसंघाचा, म्हणजे जेझुइटांचा, संस्थापक म्हणून जगाला माहीत झाला. मोन्सेरातला येण्यापूर्वी वर्षभर आधी, २० मे १५२१ला, पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला होता. अंथरुणात पडल्यापडल्या शौर्यकथा मागितल्या, तर वाड्यात सापडली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. ती वाचून उठलेल्या माणसाने जेरुसलेमला जायचं ठरवलं.

त्या वेळचा त्याचा स्वभाव कळायला मोन्सेरातला येतानाच्या वाटेतला एक प्रसंग पुरेसा आहे. खेचरावर बसून चाललेल्या इनिगोला एक मूर, म्हणजे मुसलमान, भेटला. मारियामातेच्या कौमार्यावरून वाद झाला, मूर आपल्या वाटेने पुढे निघून गेला. मागाहून इनिगोच्या डोक्यात राख शिरली: आपण मातेची अब्रू राखली नाही, आता गाठून त्याला भोसकावं की जाऊ द्यावं? काही ठरेना. शेवटी त्याने लगाम सैल सोडला. फाट्यावर खेचर त्या मुराच्या गावाकडे वळलं तर वार करायचा, नाहीतर नाही. रुंद, सोयीची वाट सोडून खेचराने हमरस्ता धरला आणि एक माणूस वाचला. ही हकिकत इग्नेशियसने स्वतःच उतारवयात सांगितली आहे, आणि तीही फारशी सारवासारव न करता.

मोन्सेरातला त्याने तीन दिवस घेऊन आयुष्यभराचं पापनिवेदन लिहून काढलं, उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, तलवार आणि कट्यार मातेच्या वेदीपाशी ठेवली आणि २४ मार्च १५२२ची रात्र उभ्याने-गुडघ्यावर जागून काढली. सकाळी बार्सिलोनाचा राजरस्ता टाळून तो मनरेसाकडे उतरला. त्या रस्त्यावर ओळखीचे लोक भेटतील, मान देतील, हे त्याला नको होतं. मनरेसाच्या धर्मशाळावजा रुग्णालयात चार दिवस राहून वहीत काही टिपणं करायची, एवढाच बेत. बार्सिलोनात साथ होती म्हणून तो अडकला असं काही अभ्यासक मानतात. कारण काहीही असो, चार दिवसांचे सुमारे अकरा महिने झाले. पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याने फलटणच्या मुक्कामालाच वर्ष काढावं, तसं. आणि ज्या जेरुसलेमसाठी हा सगळा खटाटोप, तिथे तो १५२३च्या सप्टेंबरमध्ये पोचला खरा, पण तिथल्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्याला राहू दिलं नाही. जेमतेम तीन आठवड्यांत परत फिरावं लागलं.

मनरेसा हे आज सत्तर-ऐंशी हजार वस्तीचं, कार्दोनेर नदीकाठचं कामकरी गाव आहे. सूतगिरण्यांनी एकोणिसाव्या शतकात ते वाढवलं. कातालान स्वायत्ततेच्या मागणीचा पहिला मोठा मसुदा १८९२ साली इथेच लिहिला गेला. आणि १९९८ला इथल्या बास्केटबॉल संघाने स्पेनची लीग जिंकली, ही गोष्ट गावातल्या कित्येकांना संतापेक्षा जवळची असेल. नदीकडून पाहिलं की कड्यावर ‘ला सेऊ’ हे थोरलं चर्च उभं दिसतं. १३२८ साली त्याचं काम सुरू केलं ते बेरेन्गेर दे मोंतागुत याने. बार्सिलोनाच्या सांता मारिया देल मार या चर्चच्या उभारणीतही त्याचं नाव आहे. त्याच शतकात गावाने सुमारे २६ किलोमीटर लांबीचा पाट खोदून ल्योब्रेगात नदीचं पाणी आणलं. बिशप या पाटाच्या विरोधात होता, त्याने गावावर धर्मबहिष्कार घातला. तेव्हा १३४५च्या २१ फेब्रुवारीला मोन्सेरातकडून एक दिव्य प्रकाश येऊन गावच्या चर्चमध्ये शिरला, अशी कथा आहे. त्या दिवशी अजून ‘प्रकाशाचा सण’ होतो. पाणी मात्र बारा महिने वाहतं, आणि मला वाटतं खरा चमत्कार तोच.

यात्रेकरू आधी जातात ते ‘कोवा’कडे, म्हणजे नदीवरच्या कड्यातल्या गुहेकडे. इग्नेशियस इथे प्रार्थनेला बसे, इथेच त्याने ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाची टिपणं केली, अशी परंपरा. गुहेवर आता बरोक शैलीचं देऊळ आणि त्याला लागून साधकांसाठी प्रचंड निवासगृह आहे. आत संगमरवरासारख्या दगडात कोरलेला वेदीपट आहे, भिंतीवर त्याने स्वतः कोरल्याचे सांगितले जाणारे क्रूस आहेत. पण गंमत अशी, की त्याच्या आत्मकथनात या गुहेचा उल्लेखच नाही. तो बोलतो ते रुग्णालयाबद्दल, डोमिनिकन मठातल्या खोलीबद्दल, नदीबद्दल. मनरेसा समजून घ्यायचं तर गुहा शेवटी ठेवावी, असं माझं मत आहे.

रुग्णालयाच्या जागी आता छोटं प्रार्थनास्थळ आहे. गोणपाट पांघरलेला हा भिक्षेकरी रोज दारोदार फिरे, पोरं त्याला ‘गोणपाटवाला’ म्हणत. देखणे केस ही त्याची जुनी मिजास, म्हणून त्याने केस विंचरणं सोडलं, नखं वाढवली. रोज सात तास गुडघ्यावर प्रार्थना. आणि मग मनात किडा शिरला: मोन्सेरातला सगळं सांगितलं का? एखादं पाप राहिलं तर नाही? पुन्हा पापनिवेदन, पुन्हा शंका. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणाले, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पण त्याला सगळंच स्पष्ट वाटू लागलेलं. डोमिनिकन मठातल्या खोलीत एक मोठं भगदाड होतं. त्यात उडी टाकून जीव द्यावा, ही ऊर्मी पुन्हापुन्हा येई. एक रविवार ते दुसरा रविवार त्याने अन्नाला स्पर्श केला नाही. धर्मगुरूंनी उपास सोडायला लावला, दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी शंका परत. तेव्हा त्याने विचारांची चाल पाहायला सुरुवात केली: हा विचार कुठून आला, कुठे नेतो, मागे काय ठेवून जातो? जुनी पापं पुन्हा उगाळायची नाहीत असं त्याने ठरवलं आणि ते पाळलं. हळूहळू केस कापले, नखं कापली. शिक्षकाने पोराला शिकवावं तसं देव मला शिकवत होता, असं या काळाबद्दल त्याने पुढे सांगितलं.

याच महिन्यांत कधीतरी गावाबाहेरच्या संत पौलाच्या चर्चकडे जाताना तो नदीकडे तोंड करून बसला. काही दृश्य दिसलं नाही, समज मात्र लख्ख उघडली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मिळालेलं सगळं एकत्र केलं तरी त्या एका बैठकीची बरोबरी होणार नाही, ही त्याची स्वतःची कबुली. ती नेमकी जागा दाखवता येत नाही. नदीकाठी फिरावं, एवढंच.

ज्या माणसाने खुनाचा निर्णय खेचरावर सोपवला होता, त्याच्या हातून पुढे निर्णय कसा घ्यावा याची पुस्तिका, म्हणजे तीच ‘आध्यात्मिक साधना’, तयार झाली. १५४८ला पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. हौसेने वाचायला घ्याल तर निराश व्हाल; ते वाचण्याचं पुस्तक नाही, साधना देणाऱ्या मार्गदर्शकाची हातवही आहे. सुमारे तीस दिवस मौन, चार टप्पे, दिवसातून एकदा मार्गदर्शकाशी बोलणं. मन उदास, कोरडं असताना आधीचा ठराव बदलू नये, हा त्यातला नियम कुणालाही उपयोगी पडेल. ख्रिस्तजन्मावर चिंतन करायचं तर आधी नाझरेथ ते बेथलेहेम वाट डोळ्यांपुढे आणा, किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराची, असं तो सांगतो. हे पाय झिजवलेल्या माणसाचंच डोकं. मार्गदर्शकाला घातलेलं बंधन तर फारच कडक आहे. त्याने साधकाला संन्यासाकडे ढकलायचं नाही की संसाराकडे. तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहायचं. देव आणि साधक यांच्यामध्ये येऊ नये. आपल्याकडच्या गुरुबाजीच्या बाजारात हे कलम मोठ्या अक्षरांत छापून लावावं असं आहे.

या साधनेची वाट महाराष्ट्र-गोव्यापर्यंत येते. पॅरिसमध्ये १५३४ साली इग्नेशियसच्याच देखरेखीखाली ती केलेला फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ला गोव्यात उतरला. आणि १५७९ला आलेले फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचं ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं, तेही याच तालमीत तयार झालेले जेझुइट. बेथलेहेमची वाट डोळ्यांपुढे आणायला शिकलेल्या माणसाने मराठीत ती रंगवली, यात मला तरी नवल वाटत नाही.

लोयोला ते मनरेसा हा ‘कामिनो इग्नासियानो’ आता २७ टप्प्यांत आखला आहे, साडेसहाशे किलोमीटरांहून थोडा जास्त. सगळा चालायला महिना लागतो. तेवढी सवड नसेल तर मोन्सेरात ते मनरेसा हा शेवटचा टप्पा एका दिवसाचा आहे आणि बहुतेक उताराचा. साधनेसाठी राहायचं असेल तर कोवाच्या निवासगृहाशी आधी पत्रव्यवहार करावा लागतो. नुसतं गाव पाहणाऱ्याने मात्र पॉन्त वेल्यपासून, म्हणजे यादवी युद्धात उडवलेल्या आणि नंतर पुन्हा बांधलेल्या जुन्या पुलापासून, सुरुवात करावी, मग रुग्णालयाची जागा, मग ‘कोंबडीची विहीर’. बुडालेली कोंबडी संताने जिवंत केली, अशी त्या विहिरीची आख्यायिका आहे. आत्मकथनात अर्थातच तीही नाही. गुहा त्यानंतर. परतीची आर-५ संध्याकाळी मोन्सेरातला पुन्हा भरते, तेव्हा खिडकीची जागा मनरेसालाच धरून ठेवलेली बरी.