टर्बो, फुत्कार आणि रबराचा पडदा

दिल्लीत टर्बो गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसांमध्ये गेली वीस वर्षं एक वाद धुमसतो आहे: ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागतो की नाही? माझं उत्तर पहिल्यापासून एकच आहे. पेट्रोल टर्बोला व्हॉल्व्ह लागतोच, आणि कारखान्यानं बसवून दिलेला तोच पुरतो. करोलबागच्या नाईवाला भागातल्या दुकानांत चकचकीत डब्यांतून मिळणारा, हवा बाहेर सोडून फुत्कारणारा व्हॉल्व्ह लागत नाही. या मतापायी काही स्नेही दुरावले, पण मत बदलावं असं मला अजून काही दिसलेलं नाही.

ब्युशीचं टर्बोचं १९०५ चं पेटंट, १९६२ च्या कॉर्व्हेअर आणि जेटफायर या टर्बो गाड्या, १९७८ ची साब ९९ टर्बो हा इतिहास दर्दी वाचकांना पाठ असतो, म्हणून तो ओलांडून पुढे जातो. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. कॉर्व्हेअरचा कार्ब्युरेटर टर्बोच्या अलीकडे होता. थ्रॉटल मिटला की कॉम्प्रेसरची आवकच आटायची, त्यामुळे हवा कोंडण्याचा प्रश्न नव्हता. पुढे थ्रॉटल टर्बोच्या पलीकडे गेला आणि पंचाईत झाली. मिनिटाला लाखावर फेरे घेणारं चाक हवा ढकलत राहतं आणि समोरचं दार बंद. मग हवा पात्यांवरून उलटी येते. तो फडफडाट म्हणजे सर्ज. प्रत्येक वेळी थ्रस्ट बेअरिंगवर उलटसुलट भार पडतो. तो टाळायला कोंडलेल्या हवेला वाट करून देतो तो हा व्हॉल्व्ह.

डिझेलवाल्यांसाठी दोनच वाक्यं. सिएरा टर्बोपासून स्कॉर्पिओपर्यंतच्या जुन्या डिझेलमध्ये हवेवर थ्रॉटलची सत्ताच नसते. पाय उचलला की इंधन कमी होतं, हवा इंजिनातून जातच राहते. तरीही पेडलवर स्विच लावून विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह डिझेल गाड्यांना बसवले जातात, ते केवळ आवाजासाठी, आणि त्यासाठी हवेची चांगली नळी कापली जाते.

पेट्रोल टर्बो दिल्लीत घरोघरी पोचला तो डिझेलच्या पडझडीमुळे. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ या काळात तर दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणीच थांबली होती. शिवाय गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर करात सवलत. नेक्सॉन, व्हेन्यू, बलेनो आरएस, फ्रॉन्क्स अशी रांग लागली त्यामागे हे सगळं आहे.

पण माझा जीव अडकला तो त्याआधी, २००४ च्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये. मराठवाड्यातल्या शेंद्र्याला स्कोडानं कारखाना थाटून तीनेक वर्षं झाली होती. १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हचं इंजिन, १५० पीएस. तिच्या बॉनेटखाली मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह होता, आत स्प्रिंग आणि रबराचा पडदा. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडदा ओढतो, कोंडलेली हवा वळसा घेऊन पुन्हा टर्बोच्या तोंडाशी येते. आवाज जवळजवळ नाही. या मांडणीत मला मोठं शहाणपण दिसतं, कारण ती हवा एअर-मास सेन्सरनं आधीच मोजलेली असते. ती बाहेर सोडून दिली तरी संगणक तिच्या हिशोबानंच पेट्रोल टाकतो. मिश्रण घट्ट होतं, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि सिग्नलला गाडी आचके देऊन बंद पडते. फुत्काराची हौस केलेल्या कितीतरी व्हीआरएस धौला कुआँच्या गर्दीत अशा बंद पडल्या. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास होत नाही हे खरं. पण तिथंही ताकद वाढत नाही.

या व्हॉल्व्हचा दोष एकच: रबर. दिल्लीच्या मे महिन्यात, बॉनेटखालच्या उष्णतेत ते कडक होतं आणि शेवटी चिरतं. मग दाबाखालची हवा गळते, तोच दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, चढावर गाडी दमते. तपासायची रीत साधी आहे. व्हॉल्व्ह काढा, पडदा बोटानं आत दाबा, वरच्या बारीक नळीचं तोंड अंगठ्यानं बंद करा आणि बोट काढा. पडदा जागेवर राहिला तर ठीक, लगेच परतला तर चिरला. कश्मिरी गेटच्या मागच्या गल्लीतले जुने मिस्त्री हे उभ्याउभ्या करत.

‘व्हॉल्व्ह मुळात लागतच नाही’ म्हणणारा एक गट आहे. ते नेहमी ब्यूक ग्रँड नॅशनलचा दाखला देतात: १९८७ ची ती गाडी व्हॉल्व्हशिवाय धावली. धावली, पण तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. पूर्ण थ्रॉटलवर गिअर बदलताना पाय उचलावाच लागत नाही. आमचा माणूस रिंग रोडवर हातानं गिअर बदलत जातो, पाय सतत वरखाली. ब्यूकचा दाखला त्याला लागू कसा होणार?

दुसरा गट बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्यांना धुळीचा विसर पडतो. स्प्रिंग नरम असली तर आयडलिंगला व्हॅक्यूमनं असा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि न गाळलेली हवा थेट आत ओढली जाते. राजस्थानकडून आँधी येते त्या दिवसांत ती हवा कशी असते हे दिल्लीकरांना सांगायला नको. फिल्टरवर खर्च करायचा आणि त्याच्या पुढेच भोक ठेवायचं, हे मला कधी पटलं नाही.

आता वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन आली ती व्ही-८ ची, टर्बोविना. २०१४ ला टर्बो परतला तेव्हा आपली शर्यतच गेली होती. टर्बोचा आवाज ऐकून दोष ओळखायची तालीम कानांना मिळण्याची संधी हुकली. आज संगणकावर दाब कमी असल्याचा कोड उमटला की थेट नव्या टर्बोचं अंदाजपत्रक हातात पडतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना एका वर्कशॉपनं अख्खा टर्बो बदलायला सांगितलं; चिरला होता तो पडदा. व्हॉल्व्ह बदलला आणि गाडी पूर्ववत पळाली. निदान करणारी माणसं कमी झाली आणि दुकानांत स्क्रीन आणि दिवे तेवढे वाढले.

पेट्रोल गाड्यांना राजधानीत पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेल्यानं २००४ च्या व्हीआरएसना २०१९ पासून इथं जागा उरली नाही. ना-हरकत दाखला घेऊन काही गाड्या परराज्यांत गेल्या. पुण्या-नाशकाकडे कुणी दिल्लीची अशी गाडी घेतली असेल तर माझी विनंती आहे: तिला फुत्कारणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर काढून मूळचा लावा, आणि टर्बोवर पैसे घालण्याआधी तो पडदा अंगठ्यानं तपासून बघा.