क्वचित वापरातील दुसरी मोटार : विमा आणि मालकीचे प्रश्न

प्रस्तावना

एकेकाळी दारात मोटार उभी असणे हे संपन्नतेचे लक्षण मानले जात असे. आज अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांतही दोन मोटारी दिसतात. मात्र त्यांतील दुसरी मोटार पुष्कळदा ठरवून घेतलेली नसते. नवी गाडी घेताना जुनीला मनासारखी किंमत येत नाही म्हणून ती ठेवून घेतली जाते; मुलगा परगावी नोकरीस गेल्यावर त्याची गाडी आईवडिलांकडे राहते; वडिलांच्या पश्चात त्यांची गाडी घराच्या आवारात तशीच उभी असते. सणावाराला, दवाखान्यात जाण्यासाठी किंवा बॅटरी उतरू नये म्हणून ती बाहेर काढली जाते. अशा वेळी ‘गाडी चालतच नाही, तर विम्याचा खर्च कशासाठी?’ असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. या प्रश्नामागे वाहनाची मालकी व जबाबदारी यांविषयीचा एक गैरसमज दडलेला आहे. भारतीय कायद्यातील तरतुदी व न्यायनिर्णय यांच्या आधारे तो स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वापर किती, हा प्रश्न नाही

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरण्यासाठी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. वर्षाला किती किलोमीटर प्रवास होतो, याचा या कलमात उल्लेख नाही. वर्षातून एकदाच गाडी रस्त्यावर आणली, तरी त्या एका फेरीसाठी विमा अंमलात असावा लागतो. २०१९ च्या सुधारणेनंतर विनाविमा वाहन चालविल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड ४,००० रुपये, अशी तरतूद आहे. परंतु दंड ही यातील लहान बाब होय. अपघातात कोणाचा मृत्यू झाला आणि विमा नसला, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली नुकसानभरपाई मालकाला स्वतःच्या मिळकतीतून द्यावी लागते.

‘वापर’ या शब्दाचा अर्थही न्यायालयांनी व्यापक घेतला आहे. १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर अपघातानंतर उलटला व काही तासांनी त्याचा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. ‘शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये असे स्पष्ट केले की, वाहन उभे असले किंवा बिघाडामुळे हलू शकत नसले, तरीही ते ‘वापरात’ असू शकते. त्यामुळे ‘गाडी तर उभीच होती’ हा बचाव दरवेळी टिकेलच असे नाही.

हप्ता आणि प्रवासाचे अंतर

मोटार विम्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता शासनाने अधिसूचित केलेला असून खाजगी मोटारीच्या बाबतीत तो इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा हा वार्षिक हप्ता आहे. कमी वापराची सवलत त्यात नाही.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असून तो ऐच्छिक आहे. बचतीस वाव आहे तो येथे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये वाहन जितके चालेल त्यानुसार हप्ता आकारण्यास, तसेच एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित पॉलिसी देण्यास विमा कंपन्यांना मुभा दिली. मात्र आग, चोरी, पूर हे धोके उभ्या गाडीलाही असतात, हे हा भाग वगळताना लक्षात घ्यावे. शिवाय पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास वर्षानुवर्षे साठलेली, जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंतची ‘नो क्लेम बोनस’ सवलत संपुष्टात येते.

कायद्याच्या दृष्टीने मालक कोण?

व्यवहारात ज्याने पैसे दिले किंवा ज्याच्याकडे किल्ली आहे तो मालक समजला जातो. अधिनियमाच्या कलम २(३०) नुसार मात्र ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक होय. अज्ञान व्यक्तीच्या नावावरील किंवा कर्जाऊ करारावरील वाहन यांसारखे मोजके अपवाद सोडल्यास हाच नियम लागू होतो.

या व्याख्येचा परिणाम ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या २०१८ च्या निर्णयात दिसतो. मूळ मालकाने गाडी विकली, ती पुढे अनेकांच्या हाती गेली. परंतु नोंदणी पहिल्याच नावावर राहिली आणि २००९ मध्ये अपघात घडला. सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकासच जबाबदार धरले. पीडिताने विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे त्यामागील तत्त्व होय. घरात पडून असलेली गाडी ओळखीच्या माणसाला ‘नंतर कागद करू’ म्हणून देऊन टाकणाऱ्यांनी या निर्णयाचा अवश्य विचार करावा.

कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास द्यावयाची असते. कलम १५७ अन्वये विमा नव्या मालकाकडे आपोआप हस्तांतरित झाल्याचे मानले जाते; परंतु हे संरक्षण त्रयस्थापुरतेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘कंप्लीट इन्सुलेशन्स’ प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले. परिणामी पॉलिसीवरील नाव न बदलता गाडी चोरीस गेली, तर विकणाऱ्याचा गाडीत हितसंबंध उरलेला नसतो आणि घेणाऱ्याचा कंपनीशी करार झालेला नसतो; दोघांनाही भरपाई मिळत नाही.

मालकाच्या मृत्यूनंतर

सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे दिवंगत व्यक्तीच्या नावावरील गाडी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५६ नुसार वारसाने मृत्यूची माहिती ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास देणे आणि तीन महिन्यांत नाव बदलण्यासाठी अर्ज करणे अपेक्षित आहे. खाजगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीतही मृत्यूनंतर तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंतच संरक्षण चालू राहते. तेवढ्यात वारसाने पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावयाची असते. दुःखाच्या दिवसांत आरटीओचे कागद कोणाला आठवत नाहीत, हे खरे. परंतु वडिलांच्याच नावाने दरवर्षी हप्ता भरत राहणे म्हणजे विमा चालू ठेवणे नव्हे. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशित व्यक्तीची नोंद करता येते. या सोयीचा लाभ हयातीतच घेणे हिताचे ठरते.

निष्कर्ष

गाडी किती चालते यावर फार तर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ठरू शकतो; जबाबदारी ठरते ती नोंदणी पुस्तकातील नावावरून. म्हणून क्वचित वापरातील दुसऱ्या मोटारीबाबत दोनच मार्ग सुरक्षित आहेत. गाडी ठेवायची असेल, तर नोंदणी व विमा एकाच हयात व्यक्तीच्या नावे ठेवून थर्ड पार्टी विमा अखंड चालू ठेवावा. ठेवायची नसेल, तर ताबा देतानाच नाव बदलण्याची कागदपत्रे पूर्ण करावीत. या दोहोंच्या मधली स्थिती वरकरणी काटकसरीची वाटली, तरी तिची किंमत एखाद्या अपघातात जखमी झालेल्या निरपराध माणसाला आणि मालकाच्या कुटुंबाला मोजावी लागते.