पत्रिकेत न दिसणारी नोंद

कुर्डुवाडी हे जंक्शनचे गाव. १८९७ साली येथून बार्शीकडे अरुंद मापाची आगगाडी धावू लागली आणि पुढे पंढरपूर, मिरज, लातूर या दिशाही जोडल्या गेल्या. व्यापारी घरांच्या सोयरिकीही अशाच वाटांनी जुळत आल्या आहेत. स्थळ पाहताना घराणे, गोत्र, शिक्षण, पेढी, पत्रिका यांची बारकाईने चौकशी होते. मात्र दोन्ही घरांनी नकळत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली एक नोंद या चौकशीत सहसा येत नाही. ती रक्तात असते.

आनुवंशिकतेचा मूलभूत नियम प्रथम उलगडला तो वाटाण्यावर. ब्रनो येथील मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. त्याच रोपांच्या पुढच्या पिढीत मात्र ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले भरले, म्हणजे सुमारे तीनास एक. १८६५ साली मांडलेल्या या निष्कर्षाचे महत्त्व जगाला १९०० मध्ये कळले. जो गुण दिसत नाही तो नष्ट झालेला नसतो, तो केवळ दबलेला असतो, हे त्याचे सार.

व्यापाऱ्याला हे समजणे अवघड नाही. बहुतेक गुणांच्या खात्यात दोन नोंदी असतात, एक आईकडून आलेली व दुसरी वडिलांकडून. त्यांपैकी एक सदोष असली तरी दुसरी चांगली नोंद व्यवहार सांभाळते आणि माणूस निरोगी राहतो. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. अपत्याच्या वाट्याला दोन्हीकडून सदोष नोंदच आली, तरच दोष उघड होतो.

याचे एक विलक्षण उदाहरण महाराष्ट्रातच सापडले. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे आणला. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु अशा रुग्णाला ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही, त्याच दुर्मीळ गटाचा दाता शोधावा लागतो. त्याचे आईवडील मात्र बहुधा नेहमीच्याच रक्तगटांचे असतात. दोघांकडे एकेक दबलेली नोंद असते, ती अपत्यात एकत्र येते.

थॅलेसेमियाही याच नियमाने चालतो, पण त्याची किंमत फार मोठी असते. भारतात सरासरी शंभरात तीन ते चार जण त्याचे वाहक असल्याचा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, गुजराती, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आढळते. वाहकाला आजार नसतो. फार तर किंचित पांडुरोग असतो आणि तो लोहाची कमतरता समजून दुर्लक्षिला जातो. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. आजारी बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी सतत औषधे घ्यावी लागतात.

येथे काही गैरसमज दूर व्हायला हवेत. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असा हिशेब नसतो. शक्यता प्रत्येक वेळी नव्याने तीच असते. दोष सुनेच्या माथी मारणेही अन्यायाचे, कारण आजारी बालकाला एक नोंद वडिलांकडूनही आलेली असते. गोत्र टाळले म्हणजे धोका टळला, असेही नाही. गोत्र पित्याच्या वाटेने चालते. रक्तातील नोंद आजी, पणजी, मामा अशा सर्व वाटांनी येते.

उपाय साधा आहे. हिमोग्लोबिनच्या ‘ए-२’ घटकाचे प्रमाण मोजणाऱ्या रक्ततपासणीने वाहक बहुधा ओळखता येतो. ही तपासणी साखरपुड्यापूर्वी व्हावी. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते, पण तोवर अहिंसेला जीवनमूल्य मानणाऱ्या दांपत्यापुढे अत्यंत क्लेशदायक प्रश्न उभा राहिलेला असतो. लग्नाआधीची एक चाचणी तो प्रसंगच टाळू शकते.

वाहक असणे हे व्यंग नव्हे आणि स्थळ नाकारण्याचे कारणही नव्हे. जोडीदार वाहक नसेल, तर अपत्यांना हा गंभीर आजार होत नाही. काही केवळ वाहक होतील इतकेच. म्हणून निष्कर्ष लपवण्यात कोणाचेच हित नाही. देण्याघेण्याचा व्यवहार उघड्या वहीवर करणाऱ्या घरांनी ही नोंदही दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने दाखवावी. लपवलेल्या नोंदीचे मोल शेवटी ज्याला चुकवावे लागते, त्याचा त्या व्यवहारात काहीच हात नसतो. ते बालक अजून जन्मालाही आलेले नसते.